शेकाट्याचा पाय

माझे वडील चिंचवडच्या बाजूला एका कारखान्यात तपासणी विभागात होते. तयार झालेला सुटा भाग हातात घ्यायचा, मापायचा, आणि केसभर फरक दिसला तरी लाल ठिपका लावून बाजूला काढायचा, हे काम त्यांनी सत्तावीस वर्षं केलं. मग देशाची दारं उघडली, कारखान्यात परदेशी भागीदार आला, त्याच्याबरोबर स्वतःच मोजमाप करणारी यंत्रं आली, आणि एका दुपारी सगळ्या तपासनिसांसमोर स्वेच्छानिवृत्तीचे कागद ठेवले गेले. "स्वेच्छा त्यांची, निवृत्ती आमची," असं बाबा म्हणायचे. एकदाच म्हणाले असते तर तो विनोद झाला असता. ते रोज म्हणायचे.

घरी बसल्यावर तपासायला आम्ही उरलो. आईच्या पोळीचा काठ, दूधवाल्याचं माप, इस्त्रीवाल्याने मोडलेली घडी. मला हे नवीन नव्हतं. सातवीत असताना मी दिवाळीसाठी आकाशकंदील केला होता. टांगण्याआधी बाबांनी तो पट्टीने मोजला. एक बाजू दोन मिलिमीटर कमी निघाली. त्यांनी तो टांगला, पण सांगून टांगला. त्यांच्या तोंडून "छान" हा शब्द मी ऐकला नव्हता, आणि तो ऐकायची माझी हौस मात्र कधी गेली नाही. पुढे जे झालं त्याचं कारण शोधताना मी नेहमी इथेच येऊन थांबते. आता त्यात बाबांवर ढकलण्याचा भाग किती आणि खरा किती, हे मला ठरवता येत नाही.

ते घरी बसले त्याच्या दुसऱ्या वर्षी मला हिंजवडीला नोकरी लागली. काम सॉफ्टवेअर तपासण्याचं. आई म्हणायची, "बापलेकीचा धंदा एकच. दुसऱ्याच्या कामात खोट काढायची." सकाळी साडेसातला कंपनीची बस कर्वेनगरच्या कोपऱ्यावर यायची आणि संध्याकाळी मला तिथेच आणून सोडायची. आठवड्यातून दोनच दिवस घरी, आणि त्या दोन दिवसांतही बाबांची तपासणी चालूच.

आमच्या सोसायटीतल्या एका गृहस्थांनी त्यांना एका रविवारी पक्षी बघायला नेलं आणि आमची सुटका झाली. शहरातल्या हौशी मंडळींचा एक गट होता. पंचवीस-तीस माणसं, बहुतेक निवृत्त, काही आयटीतली पोरं. बाबा त्यात रमले. वर्षभरात त्यांना पाणथळीवरचे सगळे पक्षी आवाजावरून कळायला लागले. मी माझ्या बोनसमधून त्यांना कॅमेरा आणि लांबचं दिसणारी लेन्स घेऊन दिली. प्रेमाने घेतली, असं मी सगळ्यांना सांगायचे. खरं म्हणजे रविवारी सकाळी ते घरात नसावेत, एवढंच मला हवं होतं.

फोटो सुधारण्याचं काम माझ्याकडे आलं, कारण घरातला कॉम्प्युटर मला येत होता. बाबा शेजारी खुर्ची ओढून बसायचे. नियम असा होता: कापायला हरकत नाही, उजेड थोडा वर-खाली करायला हरकत नाही, बाकी कशाला हात लावायचा नाही. "चौकट कुठे धरायची ते आपण ठरवायचं," ते म्हणायचे, "पण चौकटीच्या आत जे होतं, ते होतं." एकदा एका खंड्याच्या मागे विजेची तार येत होती. मी म्हटलं, "बाबा, एका मिनिटात काढते. कुणाला कळणारही नाही." ते म्हणाले, "मला कळेल ना." तार राहिली. फोटोही तसाच राहिला, कोणी न बघितलेला. त्यांच्या प्रामाणिकपणाचा मला कंटाळा यायचा. जग कुठे चाललंय आणि हा माणूस तार जपतोय, असं वाटायचं.

हिवाळ्यातल्या एका शनिवारी ते पहाटेच मांजरीकडे गेले. तिथे शहराचं सगळं पाणी पोटात घेतलेली नदी उसाच्या कडेकडेने जाते, आणि त्या घाण पाण्यात पक्षी मात्र भरपूर असतात. दहाच्या सुमाराला परत आले तेव्हा शर्टाची पुढची बाजू आणि दोन्ही कोपर चिखलाने माखले होते. आईने दारातच थांबवलं.

"अहो, हे काय?"

"पालथं पडावं लागलं," ते म्हणाले. आवाज लहान मुलासारखा झाला होता. "शेकाट्या. पाऊण तास एका पायावर उभा होता. हलला नाही. मीही हललो नाही."

कॅमेऱ्यातलं कार्ड माझ्या हातात देऊन ते आंघोळीला गेले आणि तिथून भाजी आणायला. मला दुपारी मैत्रिणींबरोबर सिनेमाला जायचं होतं. म्हटलं, ते यायच्या आत उरकून टाकू, म्हणजे शेजारी बसून सूचना ऐकायला नकोत.

शेकाट्या म्हणजे काळ्या पंखांचा, पांढऱ्या पोटाचा, लांबलचक गुलाबी पायांचा पक्षी. बाबांच्या फोटोत तो मधोमध होता आणि फार लहान. खाली काठावर प्लास्टिकच्या पिशव्या, वर पलीकडच्या काठावर राडारोड्याचा ढीग. मी आधी वरचं कापलं, मग खालचं. पक्षी डावीकडे घेतला, तो ज्या दिशेला बघत होता तिकडे मोकळं पाणी ठेवलं. पाण्यातलं त्याचं प्रतिबिंब पूर्ण ठेवलं. उजेड जरासा चढवला, पाण्याचा हिरवट रंग उतरवून करडा केला. चित्र एकदम उभं राहिलं. माझ्याच अंगावर काटा आला.

मग डोळा नीट आलाय का बघायला मी फोटो मोठा केला आणि हळूहळू खाली सरकत पायांवर आले. वर उचललेल्या पायाभोवती तंगूस गुंडाळलेली होती. गळाला लावतात ती बारीक नायलॉनची दोरी. तिचे दोन-तीन वेढे सांध्यापाशी बसले होते, तिथे पाय सुजलेला दिसत होता. तिथून ती खाली दुसऱ्या पायाकडे गेली होती आणि एक फासा हवेत लोंबत होता.

मला काय वाटलं ते मी खरं लिहिते. मला वाटलं, शी, एवढ्या चांगल्या फोटोचा विचका. पक्ष्याचा विचार मनात आला नाही असं नाही, पण तो दुसरा आला. आणि बाबांना दाखवलं तर ते म्हणणार, असू दे तसंच. म्हणजे आणखी एक तार.

दहा मिनिटं लागली. शेजारचा पाण्याचा रंग उचलायचा आणि दोरीवर ठेवायचा, पायाचा गुलाबी उचलायचा आणि वेढ्यांवर ठेवायचा. सूजही जरा आत घेतली. माझा हात या कामात चांगला होता.

बाबा आले, पिशवी हातात तशीच ठेवून पडद्यासमोर उभे राहिले. चष्मा वर-खाली केला. त्या दिवसांत त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरायला लागला होता, पण ते मान्य करत नव्हते. बराच वेळ बघून म्हणाले, "छान झालाय गं. खूपच छान."

मी सिनेमाला गेले. काय बघितलं ते आठवत नाही, पण खूश होते ते आठवतं.

फोटो मोठा छापून, चौकट करून बैठकीच्या खोलीत लागला. येणाऱ्या-जाणाऱ्याला बाबा तो दाखवायचे. "एका पायावर कसा निवांत उभा आहे बघा," म्हणायचे. मी स्वयंपाकघरात निघून जायचे.

दोन महिन्यांनी त्या गटाच्या वार्षिक प्रदर्शनासाठी फोटो मागवले, त्यात स्पर्धाही होती. बाबांनी हाच फोटो निवडला आणि खाली शीर्षक लिहिलं, 'निवांत'. मी म्हटलं, "बाबा, दुसरा एखादा पाठवा ना. तो धोबी पक्ष्याचा चांगला आहे."

"का? यात काय वाईट आहे?"

"वाईट नाही. सगळ्यांनी बघितलाय म्हणून म्हटलं."

"मग काय झालं?" ते म्हणाले आणि अर्ज वाचायला लागले. कुठलाही कागद ते मोठ्याने वाचायचे. "छायाचित्र कापणे व उजेड कमी-जास्त करणे यास परवानगी आहे. छायाचित्रातून कोणतीही गोष्ट काढलेली अथवा त्यात घातलेली नाही असे मी जाहीर करतो." वाचून त्यांनी सही केली. तपासणीच्या कागदावर करायचे तीच, टोकाला आडवी रेघ ओढलेली सही. मी समोर बसून चहा पीत होते. त्या वेळी बोलायला एक वाक्य पुरलं असतं. मी हिशेब केला की मूळ फाइल कोण मागणार, एवढा वेळ कुणाला आहे.

वेळ होता. प्रदर्शन कर्वे रस्त्याजवळच्या एका लहानशा सभागृहात भरलं. शेवटच्या दहा फोटोंत बाबांचा होता. आई ठेवणीतली साडी नेसून आली होती. आम्ही तिसऱ्या रांगेत बसलो होतो, बाबा पहिल्या. तिथे पोचल्यावर मला कळलं की दहाही जणांकडून मूळ फायली मागवल्या होत्या आणि बाबांनी फोटो स्टुडिओतून मूळ फोटोची सीडी करून घेऊन ती आदल्या आठवड्यातच स्वतः नेऊन दिली होती. मला विचारलंही नव्हतं. कशाला विचारतील?

परीक्षक म्हणून एक बाई होत्या, प्राणिशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापिका. पांढरे केस, आवाज बारीक आणि सावकाश. पडद्यावर बाबांचा फोटो आला तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाईंनी त्या संपू दिल्या.

"फोटो उत्तम आहे," त्या म्हणाल्या. "मला फक्त एक शंका आहे. वरच्या पक्ष्याचा पाय मोकळा आहे. पाण्यातल्या पक्ष्याचा मात्र बांधलेला आहे. आपला पक्षी पाण्यात पडल्यावर गुंतला का?"

लोक हसले. मी पडद्याकडे बघितलं. प्रतिबिंबात, करड्या पाण्यावर, एक पांढरी रेघ वळसे घेत पायाभोवती गेली होती आणि खाली फासा लोंबत होता. मी दोरी पुसली होती आणि पाण्यातलं तिचं प्रतिबिंब तसंच ठेवलं होतं. तीन महिने तो फोटो आमच्या भिंतीवर होता. तपासणीत आयुष्य गेलेल्या माणसाला आणि तपासणीवर पगार घेणाऱ्या मुलीला ते दिसलं नव्हतं.

मग बाईंनी मूळ फोटो लावायला सांगितला आणि पाय मोठा करायला सांगितला.

बाबा उठले. पडद्याच्या इतके जवळ गेले की त्यांची सावली पक्ष्यावर पडली. चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, पुन्हा लावला. मागून कुणीतरी म्हणालं, "काका, जरा बाजूला." ते बाजूला झाले नाहीत.

"हे आपण केलंत?" बाईंनी विचारलं.

बाबा वळले. माझ्याकडे बघतील असं वाटलं. त्यांनी बघितलं नाही. "सही माझी आहे," ते म्हणाले. "चूक माझी आहे."

"कॉम्प्युटर आपण स्वतः वापरता?"

"सही माझी आहे," ते पुन्हा म्हणाले.

आईने माझ्या मनगटावर हात ठेवला. ऊठ, असा त्याचा अर्थ होता. मी गुडघ्यांकडे बघत बसून राहिले. सव्वीस वर्षांची होते, कंपनीत सहा जणांच्या हाताखालची नाही, सहा जणांची प्रमुख होते. त्या गटातली दोन आयटीवाली मुलं माझ्या ओळखीची होती. त्यांच्यासमोर उठायची लाज वाटली, एवढंच कारण होतं. याहून मोठं कारण मी पुष्कळ शोधलं.

घरी आल्यावर बाबांनी फोटो भिंतीवरून उतरवला आणि पालथा करून सोफ्यावर ठेवला. मग मला म्हणाले, "तू पाहिलं होतंस?"

"काय?"

"दोरा."

"हो."

"कधी?"

"त्याच दिवशी. तुम्ही भाजी आणायला गेला होतात तेव्हा."

"आणि पुसलास."

मला वाटलं होतं ते सहीबद्दल बोलतील, चार लोकांत झालेल्या शोभेबद्दल बोलतील. त्यासाठी माझी उत्तरं तयार होती. ते म्हणाले, "म्हणजे त्याचा पाय गुंतलाय हे तीन महिने या घरात एका माणसाला माहीत होतं."

मी चिडले. "बाबा, माहीत असून काय केलं असतंत? तो काय तुमच्या हातात येणार होता? पाण्यात उतरून धरला असतात?"

"नसता आला. पण मी गेलो असतो." मग म्हणाले, "कुणालातरी सांगितलं असतं. मी त्याला निवांत म्हणत होतो."

पुढच्या रविवारी आम्ही दोघं स्कूटरवरून मांजरीला गेलो. मीच म्हटलं, मी येते. ऊन चढेपर्यंत काठाकाठाने फिरलो. शेकाटे खूप होते, सगळे दोन्ही पायांवर चालणारे. शेवटी म्हशी घेऊन आलेल्या एका बाईंना बाबांनी विचारलं, पाय गुंतलेला एखादा पक्षी दिसला का.

"त्यो लंगडा व्हय?" त्या म्हणाल्या. "हुता की. लई दिस हितंच उभा ऱ्हायचा. आता न्हाई दिसत. कुत्र्यांनी न्हेला आसंल." मग बाबांकडे नीट बघून म्हणाल्या, "तुमी त्येच न्हवं? हितं पालथं पडला हुता, फोटू काढाया?"

"हो."

"म्या सांगितलं हुतं की तुमाला. म्हनलं, त्याचा पाय गुतलाय, बगा जरा काय हुतंय का. तुमी असा हात क्येला." त्यांनी तळवा पुढे करून दाखवला. गप, असा.

त्या बाई म्हशींमागे निघून गेल्या. परत येताना हडपसरच्या सिग्नलला स्कूटर थांबली, तेव्हा ते पुढे बघतच म्हणाले, "मला ऐकू आलं होतं. तिच्या आवाजाने उडेल म्हणून गप केलं. शब्द ऐकू आले होते."

मागे बसलेल्या मला एकदम हलकं वाटलं. लपवण्यात अर्थ नाही. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा वडिलांच्या कामात खोट सापडली होती आणि ती माझ्यापेक्षा लहान नव्हती. सिग्नल सुटेपर्यंत मी खूश होते. नंतर त्यांची मान दिसली, केस कापल्यामुळे उघडी पडलेली आणि उन्हाने भाजलेली, आणि त्या खुशीची किळस आली.

बाबांनी गटाला पत्र लिहिलं. फोटो मागे घेत असल्याचं, आणि पक्ष्याला इजा झाल्याचं एका स्थानिक बाईने सांगूनही आपण दुर्लक्ष केल्याचं. माझा उल्लेख नव्हता. पत्राचं उत्तर आलं नाही. कुणी रागावलंही नसेल, दुसऱ्या रविवारची सहल ठरवायच्या गडबडीत असतील. बाबा मात्र पुन्हा गेले नाहीत. कॅमेरा कपाटात गेला, दोन पावसाळ्यांत लेन्सला बुरशी धरली. रविवारी ते घरीच असत. पण आता कशातही खोट काढत नसत. पोळी वातड झाली तरी खात. आई एकदा चिडून म्हणाली, "अहो, काहीतरी बोला तरी!" ते म्हणाले, "चांगली आहे."

मी लग्न होऊन वाघोलीला गेले. आठवड्याला फोन, महिन्याला फेरी. त्या विषयावर आम्ही परत बोललो नाही.

काही वर्षांनी त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन करायचं ठरलं. मी रजा घेऊन त्यांना घेऊन गेले. त्यांना आत नेल्यावर बाहेरच्या बाकावर बसले, तर समोर त्या परीक्षक बाई. थकल्या होत्या, हातात काठी होती. मी ओळखलं. पाच मिनिटं विचार केला आणि उठून त्यांच्याजवळ गेले. सगळं सांगितलं. शेकाट्याचा फोटो, दोरी मी पुसली, वडिलांना माहीतही नव्हतं.

"मला माहीत आहे," त्या म्हणाल्या. "तुमच्या वडिलांची नजर पडद्यापुढे कशी चाचपडत होती ते दिसत होतं. इतकं सफाईदार काम त्यांच्या हातून होणार नव्हतं."

"मग तेव्हा का बोलला नाहीत?"

"मी दोनदा विचारलं," त्या म्हणाल्या. "तुम्ही तिसऱ्या रांगेत होतात. आईंनी तुमच्या मनगटावर हात ठेवला तो मी पाहिला. तुम्ही बोलाल म्हणून थांबले होते."

त्यांचा नंबर पुकारला गेला. काठी टेकत त्या उठल्या, तेवढ्यात नर्सने बाबांना बाहेर आणलं. एका डोळ्यावर पट्टी, दुसऱ्याने धूसर दिसत होतं. बाई त्यांच्यासमोर क्षणभर थांबल्या. "नमस्कार. बरे आहात ना?" म्हणाल्या आणि उत्तराची वाट न बघता आत गेल्या.

बाबांनी माझा दंड धरला. "कोण गं त्या? आवाज ओळखीचा वाटला."

"कुणी नाही," मी म्हटलं. "नंबर कितवा चाललाय ते विचारत होत्या."

"हं," बाबा म्हणाले. मी त्यांना पायऱ्यांपाशी आणलं आणि रिक्षाला हात केला.